खवले आणि गाठी : सातारा–सांगलीच्या मातीतील दोन जिवांचा इतिहास

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी त्यांच्या जमिनीचा इतिहास एकत्रच वाचावा लागतो. ब्रिटिश अमदानीतील सातारा जिल्ह्यात तासगाव, वाळवा आणि खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके मोडत होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या एकत्रित प्रदेशाच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला माण, आटपाडी, जत हे तालुके आहेत, जिथे पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. घाटातले दाट जंगल, कृष्णाकाठची काळी जमीन आणि माणदेशचा मुरमाड माळ अशा तिन्ही प्रकारच्या भूमीत पूर्वापार वस्ती करून असलेल्या दोन जिवांचा येथे विचार करावयाचा आहे. त्यांतील एक म्हणजे खवले मांजर हा आज नामशेष होण्याच्या वाटेवर असलेला सस्तन प्राणी, आणि दुसरा म्हणजे द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी बांधणारा रायझोबियम हा जिवाणू. दहा-पंधरा किलो वजनाचा प्राणी आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी एक पेशी यांची तुलना वरवर पाहता विसंगत वाटेल; परंतु दोघांचेही घर जमिनीत आहे, आणि माणसाचा दोघांशी असलेला व्यवहार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत असा उलटापालटा झाला आहे, की एकाचा इतिहास दुसऱ्यावाचून नीट उलगडत नाही.

खवले मांजर हे नाव अर्धे खरे आणि अर्धे फसवे आहे. त्याच्या अंगावर खवले आहेत हे खरे, पण मांजराशी त्याचे काही नाते नाही. सस्तन प्राण्यांत खवल्यांचे चिलखत घेऊन जन्मणारा हा एकमेव गट असून, हे खवले माशाच्या खवल्यांसारखे नसतात. आपली नखे आणि केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात, त्याच प्रथिनाचे ते एकावर एक बसलेले पत्रे असतात. या प्राण्याला दात नसतात. पुढच्या पायांच्या लांब, वाकड्या नखांनी तो वारूळ फोडतो आणि चिकट, लांब जिभेने वाळवी व मुंग्या टिपतो. दिवसभर बिळात राहून तो रात्री बाहेर पडतो आणि संकट आले की पोट आत घेऊन अंगाचा गोळा करतो. बिबट्याच्या दातांना हा गोळा सहसा दाद देत नाही, मात्र माणसाला तो नुसता उचलून पोत्यात घालता येतो; वाघ-बिबट्यांपासून वाचण्याची ही युक्ती माणसापुढे त्याच्या नाशाला कारण ठरली. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि ते आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून हिंडते. ज्या प्राण्याची वीण इतकी संथ आहे, त्याच्या संख्येत पडलेले खिंडार पिढ्या गेल्या तरी बुजत नाही.

रायझोबियमची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण तो वायुरूपात वनस्पतीला घेता येत नाही. हरभरा, तूर, मूग, भुईमूग अशा द्विदल पिकांच्या मुळांत शिरून हा जिवाणू तेथे गाठ तयार करतो, पिकाकडून साखर घेतो आणि मोबदल्यात हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करून पिकाला देतो. जिवंत गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी दिसते, कारण आपल्या रक्तातील लाल द्रव्याचे भावंड शोभेल असे एक द्रव्य तिच्यात असते आणि जिवाणूच्या कामात अडथळा आणणारा प्राणवायू ते धरून ठेवते. प्रत्येक पिकाचा भागीदारही बहुधा ठरलेला असतो. हरभऱ्याच्या मुळाशी गाठ बांधणाऱ्या जिवाणूला १९९४ मध्ये स्वतंत्र जातीचे नाव मिळाले. भुईमुगाचा भागीदार निराळा आहे.

या गाठी डोळ्यांना दिसत असूनही त्यांचा अर्थ लागायला फार काळ जावा लागला. इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी यांनी १६७९ मध्ये त्यांची चित्रे छापली, पण त्यांना त्या किडीने उठवलेल्या गाठी वाटल्या. त्यानंतर दोन शतकांनी, १८८६ ते १८८८ या काळात, जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी गाठींचा आणि हवेतील नायट्रोजनचा संबंध प्रयोगाने सिद्ध केला. १८८८ मध्येच हॉलंडमधील मार्टिनस बायरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा करून वाढवून दाखवला. म्हणजे ज्या काळात सातारा जिल्ह्याचे जुने गॅझेटियर, अर्थात सरकारी माहितीकोश, छापून नुकतेच प्रसिद्ध झाले होते, त्या काळापर्यंत जगात कोणालाही हा जिवाणू नावाने ठाऊक नव्हता.

तरीही कृष्णाकाठच्या शेतकऱ्याकडे त्याच्या कामासाठी एक शब्द होता, आणि तो शब्द आजही बोलण्यात आहे : बेवड. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण किंवा अवगुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, भुईमुगाचा बेवड चांगला, असे म्हणताना त्या रानात पुढचे पीक जोमदार येणार हे गृहीत असे, आणि रान खंडाने घेताना मागच्या वर्षी त्यात काय होते याची चौकशी म्हणूनच केली जाई. खरिपात मूग-उडीद काढून त्याच रानात रब्बीचा शाळू घेणे, बाजरीच्या किंवा ज्वारीच्या ओळींत तुरीची आणि इतर कडधान्यांची इरवड, म्हणजे मिसळीचे पीक, टाकणे, आणि कडधान्याची मुळे जमिनीतच राहू देणे या सगळ्या रीती या एका शब्दाभोवती जमलेल्या आहेत. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी सरकारच्या सांगण्यावरून भारतभर फिरून १८९३ मध्ये शेतीसुधारणेवर अहवाल दिला, तेव्हा फेरपालट आणि मिश्र पिके यांतील भारतीय शेतकऱ्याच्या जाणतेपणाची त्यांनी मोकळेपणाने दखल घेतली. शिकवायला आलेल्या माणसाने दिलेली ही कबुली बरीच बोलकी आहे. बेवड या शब्दात जिवाणू नाही, नायट्रोजन नाही, कार्यकारणाची उकल नाही. परंतु जिवाणूला वर्षानुवर्षे त्याचे यजमान पीक मिळत राहील अशी व्यवस्था मात्र त्यात चोख आहे. नाव माहीत नसलेल्या जिवाचे इतके पद्धतशीर पालन माणसाने क्वचितच केले असेल.

खवले मांजराला नाव होते, पण अशी कोणतीही रीत त्याच्या वाट्याला आली नाही. त्याला देवत्व नव्हते, ते कोणाचे वाहन नव्हते, आणि शेतीला त्याचा उपयोग होतो हे उघड दिसतही नव्हते. जे थोडेफार संरक्षण मिळाले ते आडवाटेने, वारुळाच्या निमित्ताने मिळाले. नागपंचमीला या भागात बायका वारुळाला जाऊन पूजा करतात. त्या दिवशी नांगर-कुळव धरायचा नाही, जमीन खणायची नाही, विळीवर चिरायचे नाही, तवा चढवायचा नाही, असा दंडक आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा या गावाची नागपंचमी तर जिवंत नागांसाठी देशभर प्रसिद्ध झाली आणि वन्यजीव कायदा व न्यायालयाचे आदेश यांमुळे तिचे स्वरूप अलीकडे बदलावे लागले. परंतु नागाच्या या कीर्तीत वारूळ बांधणारी वाळवी बाजूलाच राहिली. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण करणाऱ्या समाजाला बिळाचा खरा मालक कोण हे कळत होते, तरी पूजा नागोबाचीच झाली. काही असो, पूजेचे वारूळ नांगराखाली जात नसे, आणि बांधावर किंवा गायरानात टिकलेले वारूळ हेच खवले मांजराचे अन्नछत्र होते.

वारूळ ही दोन्ही जिवांच्या इतिहासाची सांध्याची जागा आहे. आपल्याकडची वारूळ उभारणारी वाळवी पालापाचोळा आणि लाकूड आत नेऊन त्यावर बुरशीची बाग करते. आषाढ-श्रावणात वारुळांवर उगवणारी आणि घाटमाथ्यावर आवडीने खाल्ली जाणारी अळंबी ही त्या बागेचीच बाहेर आलेली छत्रे होत. वाळवीच्या आतड्यात हवेतील नायट्रोजन बांधणारे जिवाणू असतात हे १९७३ मध्ये दाखवले गेले. ते रायझोबियम नव्हेत, पण काम त्याच जातीचे आहे. म्हणजे वाळवी खाऊन जगणाऱ्या प्राण्याच्या अंगावरचे खवले ज्या प्रथिनाचे बनतात, त्यातील नायट्रोजनचा काही वाटा जिवाणूंनीच हवेतून उतरवलेला असू शकतो. शिवाय हा प्राणी बीळ खणताना आणि वारूळ उकरताना खालची माती वर आणतो, तिच्यात हवा खेळवतो, आणि हवेवर जगणाऱ्या जिवाणूंना मोकळी जागा करून देतो. शेतकऱ्याने कुळवाने जे करायचे ते हा आपल्या नखांनी माळावर करत असे, फक्त त्याच्या रानात कोणी पेरत नसे.

खवल्यांना बाजार केव्हा लागला, याचा एक जुना पुरावा इंग्लंडमध्ये आहे. पेशवाई बुडवणाऱ्या युद्धाच्या वेळी गव्हर्नर जनरल असलेल्या मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज यांनी १८२० च्या सुमारास खवले मांजराच्या खवल्यांचे चिलखत आणि शिरस्त्राण इंग्लंडच्या राजाला नजर केले, आणि ते आज लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात आहे. तेव्हा ती नवलाईची वस्तू होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र चीन आणि व्हिएतनाममधील औषधांच्या मागणीमुळे खवल्यांचा मोठा आंतरराष्ट्रीय व्यापार उभा राहिला. खवले आणि नखे एकाच प्रथिनाची असतात, एवढे एक वाक्य त्या औषधी गुणाचा निकाल लावायला पुरेसे आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसवले. वन्य जिवांच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१६ मधील जोहान्सबर्ग परिषदेत खवले मांजराच्या सर्व जातींचा व्यापारी व्यवहार बंद करण्याचे ठरले, आणि २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले काढले. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत भारतीय खवले मांजर संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे.

पश्चिम महाराष्ट्रात या व्यापाराला एक देशी फाटाही फुटला आहे. मांडूळ साप आणि खवले मांजर यांच्या साहाय्याने पैशाचा पाऊस पाडता येतो किंवा गुप्तधन सापडते, असा भ्रम पसरवून या प्राण्यांचे व्यवहार लाखांच्या भाषेत बोलले जातात, आणि वनविभागाच्या कारवाईत सापडलेल्या प्रकरणांच्या मुळाशी कित्येकदा हीच भाषा असते. ज्यांनी या प्रकारच्या फसवणुकीविरुद्ध आयुष्य घातले ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि गुप्तधनासाठी केली जाणारी अघोरी कृत्ये त्याच्या कक्षेत आली. तो कायदा माणसांसाठी आहे. तरी माणदेशातल्या एखाद्या बिळातील प्राण्याला वनकायद्याइतकाच त्याचाही आधार आहे, असे म्हणायला हरकत नाही.

घाटापलीकडे वेगळा मार्ग चोखाळला गेला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणातील गावांत खवले मांजर वाचवण्याचे काम हाती घेतले आणि चिपळूण तालुक्यातील डुगवे या गावी या प्राण्याचा ‘खवलोत्सव’ सुरू झाला. देवत्व नसलेल्या प्राण्याला उत्सव मिळणे ही नव्या काळातील रूढी घडताना पाहण्याची संधी आहे. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर मात्र संरक्षण मुख्यतः सरकारी सीमारेषांतून आले : कोयना अभयारण्य १९८५ मध्ये झाले, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान ठरले, दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला, आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली यांचा पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. या रेषा घाटाच्या कडेने जातात. खटाव, माण, कवठेमहांकाळ, जत यांच्या माळांपर्यंत त्या पोचत नाहीत.

दरम्यान जिवाणूचे दिवसही पालटले. कराडजवळ खोडशी येथे १८६० च्या दशकात कृष्णेवर बंधारा घालून कालवा काढला गेला तेव्हापासून बागायतीचा विस्तार सुरू झाला; १९५० च्या दशकात वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने सांगलीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर कृष्णा-वारणेच्या काठाने उसाची सलग पट्टी तयार झाली. ऊस एकदा लावला की खोडव्यासह दोन-तीन वर्षे रान अडते, आणि ज्या फेरपालटीवर बेवड उभा होता तिला जागाच उरत नाही. त्यात युरियाची भर पडली. जमिनीत आयता नायट्रोजन मुबलक असला की द्विदल पीक गाठी बांधण्याचा खटाटोप कमी करते, हे जिवाणूच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. घरात शिधा भरलेला असताना भागीदार कोण पोसणार? पाण्याच्या अतिवापराने मिरज, वाळवा, पलूस या भागांत जमिनी क्षारपड झाल्या, म्हणजे खालचे क्षार वर येऊन मातीवर पांढरे फुटले, आणि अशा खारट, पाणथळ जमिनीत रायझोबियमचे बस्तान मोडते. म्हणून नामशेष हा शब्द जिवाणूला लावता येत नसला, तरी एखाद्या शिवारातून त्याचे उठून जाणे अगदी शक्य आहे.

फरक असा, की त्याला परत आणता येते. मॅनिटॉल नावाची साखर आणि यीस्टचा अर्क घातलेल्या द्रवात हा जिवाणू काही तासांत दुप्पट होतो. तो लिग्नाइटच्या भुकटीत मिसळून जिवाणू संवर्धक या नावाने विकला जातो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले, आणि त्याच्या कार्यक्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात. अशा विद्यापीठांच्या शिफारशींतून बीजप्रक्रिया गावोगाव पोचली : गुळाचे थंड पाणी करून त्यात २५० ग्रॅमचे पाकीट कालवायचे, दहा-पंधरा किलो बियाण्याला ते हलक्या हाताने चोळायचे, बी सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. बेवडाचे ज्ञान अशा रीतीने पाकिटात आले आणि त्याला किंमत व मुदतीची तारीख लागली. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीतील जीवामृतात बांधावरची मूठभर माती घालायला सांगतात, त्यामागेही जिवाणूचे विरजण घालण्याचीच कल्पना आहे.

बांध हा येथे सहज आलेला शब्द नाही. मुंबई इलाख्यात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि कोरडवाहू तालुक्यांत ताली, म्हणजे उतारावर माती अडवणारे बांध, मोठ्या प्रमाणावर पडू लागले. रोजगार हमी योजनेचा मूळ प्रयोग विठ्ठल सखाराम पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात केला, आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली तेव्हा दुष्काळी कामांत बंडिंगचा वाटा मोठा होता. योगायोग असा, की माणसाला काम देणारी ही योजना आणि वन्यजीव कायदा एकाच वर्षाचे आहेत. न नांगरलेल्या बांधांवर गवत, बोरी-बाभळी आणि वारुळे टिकली, आणि माळ, ओढ्याच्या दरडी व बांध मिळून खवले मांजराला घाटाबाहेरही हिंडण्याच्या वाटा राहिल्या. महसुली दप्तरात मात्र अशा जमिनीला पोटखराब म्हणतात, म्हणजे सर्व्हे नंबरातील लागवडीस निरुपयोगी भाग. औंध संस्थानातील कुंडलजवळचा निवडुंगाने आणि सापांनी भरलेला माळ १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी मिळाला, तोही अशाच हिशेबाने. तेथे तयार होणाऱ्या लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची सुरुवातीची समजूत होती. ती चुकीची होती, पण जमीन जिवंत असते हे तिच्यामागचे गृहीत चुकीचे नव्हते.

आज पोटखराब फार उरलेले नाही. वाटण्या होत गेल्या तशी बांध कोरण्याची सवय वाढली आणि दोन हात रुंदीचे बांध वितीवर आले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोचले तसे माळ यंत्राने सपाट होऊन द्राक्षबागा आणि ऊस आले. पाणी येणे ही त्या लोकांची पिढ्यांची मागणी होती आणि तिच्या न्याय्यतेबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. पण प्राण्याला वाचवणारा कायदा त्याच्या अंगाला हात लावू देत नाही, त्याच्या वारुळाबद्दल मात्र काही बोलत नाही. आणि जिवाणूला वाचवणारी रूढी मोडली तेव्हा तिच्या जागी कायदा आला तो मातीसाठी नव्हे, पाकिटासाठी.

तो कायदा म्हणजे १९८५ चा खत नियंत्रण आदेश, ज्यात २००६ मध्ये जैविक खतांचा समावेश झाला. त्यानुसार भुकटीच्या स्वरूपातील रायझोबियमच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात, आणि त्या प्रयोगशाळेत मोजल्या जातात. लाल यादीत जिवाणूंना स्थानच नाही, तरी त्यांची शिरगणती अशी ग्रॅममागे होते. लाल यादीत ठळकपणे असलेल्या खवले मांजराची भरवशाची संख्या देशपातळीवरही कोणी देऊ शकत नाही, कारण पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो तशी त्याची ओळख पटत नाही आणि रात्रीतले थोडे तास सोडले तर ते जमिनीखाली असते. त्याच्या असण्याचा अंदाज वनरक्षकाला बिळाच्या तोंडाशी पडलेल्या ताज्या मातीवरून, फोडलेल्या वारुळावरच्या नखांच्या ओरखड्यांवरून आणि धुळीत उमटलेल्या शेपटीच्या फरफटीवरून बांधावा लागतो, आणि वळवाचा एक पाऊस पडून गेला की त्यातले काही शिल्लक राहत नाही.